स्त्रीपार्टीचं गोष्टवाचन: रंग उत्तम चढतो, पुस्तक मागे राहतं

सिंधुदुर्गातल्या एका वाचनालयाच्या बालविभागात दशावतारी नाटकात स्त्रीभूमिका करणारा पुरुष कलाकार, म्हणजे स्त्रीपार्टी, लुगडं नेसून, नथ घालून मुलांना गोष्ट वाचून दाखवतो. कार्यक्रम तासाभराचा. मुलांना प्रवेश फुकट, कलाकाराचं मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च वाचनालयाकडे. जागा तीस मुलांची, वयोगट ३ ते १०. वाचनालयाचं आणि कलाकाराचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. खाली जे दोष सांगितले आहेत ते दुरुस्त होण्यासारखे आहेत आणि ते कोणाला चिकटून राहू नयेत.

निकाल आधीच सांगतो. बाईच्या वेशातल्या पुरुषाने लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवावी का, या प्रश्नाला आमचं उत्तर ‘हो, दाखवावी’ असं आहे. पण ती खरोखर वाचली पाहिजे. या कार्यक्रमात वेशाची बाजू फार विचाराने बसवली आहे, पुस्तकाची बाजू मात्र ढिली आहे.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे सुरुवात. पडद्याआड पूर्ण सजून एकदम समोर येणं रात्रीच्या नाटकात शोभतं. तीन-चार वर्षांच्या पोरासमोर तेच उलटं पडतं, पोर आईच्या कुशीत तोंड लपवतं. १९६९ साली रीटा डीव्हरीस या अमेरिकी संशोधक बाईंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेनार्ड नावाच्या शांत मांजराचा पुढचा भाग आडोशामागे ठेवून त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. मांजराची शेपटी सगळा वेळ मुलांना दिसत होती. तरीही तीन वर्षांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना मांजराचा कुत्रा झाला असं वाटलं. सहा वर्षांच्या मुलांना मात्र तो मुखवटा आहे हे उमगलं. स्त्रीवेशातला माणूस मुलांपुढे आणताना हा फरक लक्षात ठेवावाच लागतो. लहानग्यांना वेश चढताना दिसला पाहिजे, सावकाश, आणि मधे विचारायची मुभा हवी.

इथे ते बरोबर होतं. दशावतारी कलाकार स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतो, आणि पूर्ण काम करायचं तर तास सहज जातो. एवढा वेळ मुलं बसणार नाहीत. म्हणून चेहऱ्याचा पाया, म्हणजे हलकं खोबरेल, त्यावर सफेदा (पांढरा रंग) आणि पिवडी (पिवळा रंग), वर पावडर, हे सगळं आधीच करून कलाकार मुलांसमोर येतो. त्या वेळी अंगावर साधा सदरा आणि लुंगी असते, आवाजही रोजचा. मग मुलांच्या देखत क्रमाने भुवया, काजळ, कुंकू, गंगावन, खोपा, वळेसर म्हणजे फुलांचा गजरा, आणि शेवटी नथ. बारा मिनिटं लागतात. प्रत्येक वस्तू हातात धरून तिचं नाव सांगितलं जातं. गंगावन मुलांना हाताळायला देतात, ही युक्ती फारच उपयोगी पडते. खोटे केस एकदा बोटांत आले की भीती निम्मी उरते. मग आतल्या बंद खोलीत जाऊन कलाकार लुगडं नेसून बाहेर येतो, तोवर ग्रंथपाल मुलांना गोलात बसवतात. फुलांचाही विचार केलेला दिसतो. एरवी अबोली, आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास असेल तर सुरंगीचा वळेसर. वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीकडच्या मुलांना त्या वासाची ओळख सांगावी लागत नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट बदलायलाच हवी. कुंकवाला उठाव यावा म्हणून पेटीत शेंदूर ठेवलेला आहे. शेंदूर हे शिशाचं संयुग. रात्रीच्या नाटकात प्रेक्षक वीस हात लांब असतो, इथे मूल हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. शेंदूर पेटीतून काढून टाकावा. डोळ्यांना सुरमा लावत असाल तर तोही नको, कारण जुन्या पद्धतीच्या सुरम्यात शिसंच असतं. पांढऱ्यासाठी झिंक ऑक्साइडचा सफेदा, लालीसाठी लेबल असलेलं सौंदर्यप्रसाधन, डोळ्यांना नेहमीची काजळपेन्सिल एवढ्यात काम भागतं. सुटी चमकी अजिबात वापरू नये. ती डोळ्यात जाते आणि पुस्तकाच्या पानांना चिकटून बसते. शेवटी खाऊ म्हणून शेंगदाण्याचा लाडू देतात. त्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धुवायला हवेत. विहिरीजवळ बादली-तांब्या ठेवलेला असतो, पण तिकडे मुलांना नेणारं कोणी नेमलेलं नसतं.

नथीबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण वाचन बिघडतं ते इथे. चापाची मोठी नथ वरच्या ओठावर लोंबते. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत, आणि नथ हलू नये म्हणून कलाकार ओठ पुरते मिटत नाही. मग ‘भोपळा’ आणि ‘म्हातारी’ हे गोष्टीतले मुख्य शब्दच गिळले जातात. त्यात कोकणातला घाम. पंधरा मिनिटांत चाप घसरायला लागतो आणि एक हात सारखा नाकाकडे जातो. यावर उपाय सोपा आहे. वाचनासाठी नाटकातली नथ नकोच. छोटी, हलकी, वर वळलेली नथ घ्यावी, आणि घालण्याआधी नाकपुडीवरचं तेल टिपून पावडर लावावी. बांगड्यांचंही तसंच. हातभर काचेच्या बांगड्या घातल्या की पान उलटताना होणाऱ्या किणकिणाटात वाक्याचं शेवटचं क्रियापद हरवतं. पुस्तक धरायच्या हातात दोन, दुसऱ्या हातात चार, एवढ्या पुरेत. घुंगरू मात्र या कार्यक्रमात सुरेख वापरलेत. पायात न बांधता कलाकार ते बाजूला ठेवतो आणि पान उलटायच्या वेळी एकदा वाजवतो. तिसऱ्या पानापासून मुलं त्या आवाजाची वाट बघायला लागतात.

आता पुस्तक. गोष्ट आहे भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची. निवड उत्तम. मुलांना ती ठाऊक असते, तिच्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ आहे, आणि म्हातारीचं काम पुरुषाने केलं तर तिला एक वेगळाच जोर येतो. पण हातातलं पुस्तक वहीएवढं आहे. कलाकार ते छातीशी धरतो, म्हणजे ते पदराआड जातं. पहिल्या ओळीतल्या सहा-सात मुलांना चित्र दिसतं, मागच्यांना फक्त नथ दिसते. आणि पाठांतराची सवय असलेला कलावंत चौथ्या पानानंतर पुस्तकाकडे बघतच नाही. तो रंगतो, वाघाच्या तोंडी लांबलचक भाषण घालतो, उठून चाल धरतो. मुलं खूश होतात यात शंका नाही. पण मग ते नाटक झालं. अक्षरावरून बोट फिरतंय, त्याच अक्षरातून हा आवाज येतोय, हे मुलाला दिसावं म्हणून वाचनालयात बोलावलं होतं, आणि तेवढंच राहून जातं. भाषणं जागच्या जागी रचून बोलणं हे दशावताराचं मोठं वैभव आहे. इथे मात्र ते वीस मिनिटं बाजूला ठेवायला हवं.

कसं धरावं तेही सांगतो. पुस्तक मोठ्या आकाराचं, पानभर चित्राचं, पानावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नसलेलं. डाव्या हाताने खालून कणा धरायचा, पुस्तक खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. कलाकाराने पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसायचं, खुर्चीवर नाही. मुलं अर्धवर्तुळात, पहिली ओळ दीड मीटरवर, शेवटची चार मीटरच्या आत. तीस मुलं या मापात मावत नाहीत, म्हणून मर्यादा वीसवर आणावी. पान वाचायच्या आधी चित्र डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचं, मनात पाच मोजत. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचायचा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने तो पानावर येतो. पानं उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे जवळ ठेवावेत.

भाषेचा तोल छान सांभाळलाय. पुस्तकातली वाक्यं प्रमाण मराठीत, मधली विचारपूस मालवणीत. दशावतारातही देवादिकांची भाषा वेगळी आणि संकासुर या विनोदी राक्षसाची मालवणी वेगळी, तेव्हा कलाकाराला हे शिकवावं लागत नाही. पोरं विचारतातच, ‘तू बायलमाणूस काय बापयो?’ (बाई की पुरुष?) कलाकाराचं उत्तर ठरलेलं आहे: ‘मी बापयो. गोष्टीतली म्हातारी होवची आसा म्हणान लुगडा नेसलंय.’ याहून चांगलं उत्तर आम्हाला सुचत नाही. ते खरं आहे, छोटं आहे आणि त्यात लाज नाही. या उत्तरानंतर मुलं त्याला बिनदिक्कत ‘काका’ म्हणतात आणि गोष्ट सुरू झाली की ‘गे म्हातारे’ म्हणून हाक मारतात. पाच वर्षांच्या मुलाला दोन्ही एकाच वेळी मान्य असतं. एखाद्या पालकाने ‘असं विचारू नये’ म्हणून मुलाला दटावलं की मात्र वातावरण आकसतं. प्रश्न थांबवू नका, असं पालकांना आधीच सांगितलं पाहिजे.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण या कार्यक्रमावर ते आहेत आणि ते धरणारी माणसं मुलांची काळजी करणारीच आहेत.

पहिला आक्षेप असा की हे अमेरिकेतलं खूळ इकडे आणलं. तिकडची हकीकत थोडक्यात अशी. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मिशेल टी या लेखिकेने ड्रॅग कलाकारांकडून, म्हणजे बहुधा भडक स्त्रीवेशात खेळ करणाऱ्या कलाकारांकडून, वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे तो अनेक शहरांत आणि देशाबाहेरही पोचला. २०२२ पासून त्याला कडाडून विरोध झाला. त्या वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लोरेन्झोच्या वाचनालयात एका कडव्या गटाची माणसं कार्यक्रमात घुसली. २०२३ साली मोंटाना राज्याने शाळा आणि सार्वजनिक वाचनालयांत असं वाचन बंद करणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी संघीय न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. तिथल्या ड्रॅगचं मूळ समलिंगी आणि पारलिंगी समाजाच्या रंगभूमीशी बांधलेलं आहे. बाईपणा-पुरुषपणा या कल्पनेकडेच ते नाटकी नजरेने बघतं आणि दाखवतं. आपली स्त्रीपार्टी तशी नाही. तिथे सीता ही सीताच असते, अतिशयोक्ती नसते. म्हणून दोन्ही एकच असं म्हणणं चुकीचं. पण ‘आपलं सोवळं, त्यांचं ओंगळ’ हेही खरं नाही. ड्रॅगमध्ये मोठ्यांसाठीचे रात्रीचे खेळ असतात आणि मुलांसाठीचं वाचनही असतं, जशी आपल्याकडे बैठकीची लावणी असते आणि बालनाट्यही असतं. तपासायचं ते कोणासमोर काय सादर होतंय एवढंच. तिकडच्या वाचनालयांकडून वेशाचं काही उसनं घ्यायची आपल्याला गरज नाही. नीट वाचून दाखवायची शिस्त मात्र जरूर घ्यावी.

दुसरा आक्षेप, मूल गोंधळेल. कोकणातलं मूल जत्रेत आईच्या मांडीवर पेंगत पेंगत ऋद्धी-सिद्धी बघतं, त्या पुरुषच असतात. नाटकाच्या सुरुवातीला होणाऱ्या आडदशावतारातली सरस्वती पुरुष, रात्रीच्या आख्यानातली राणीही पुरुष. वर रायगड-रत्नागिरीकडे शिमग्यात अंगणात नाचणारी गोमू म्हणजे बाप्याच. नमन-खेळ्यांतल्या गौळणी आणि त्यांची मावशी, तेही पुरुष. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) साड्यांचं आणि केशरचनेचं अनुकरण घरंदाज बायका करत, आणि १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. विराटाच्या घरी उत्तरेला नृत्य शिकवणारी बृहन्नळा म्हणजे अर्जुन, ही गोष्ट तर आजी घरीच सांगते. हे सगळं बघून-ऐकून पिढ्या वाढल्या आहेत. वाचनालयात फरक पडतो तो दोन बाबतींत. इथे अंतर कमी आहे, आणि दिवसाचा लख्ख उजेड आहे. त्या दोन गोष्टींचीच काळजी घ्यायची, आणि ती कशी घ्यायची ते वर लिहिलं आहे.

तिसरा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे: देवाच्या वस्तूंचा खेळ करू नये. दशावताराचा पेटारा पूजेचा असतो. त्यातला गणपतीचा मुखवटा मुलांना हाताळायला देण्याची वस्तू नाही. एकदा या कार्यक्रमात तो मांडून ठेवला गेला, ते टाळायला हवं होतं. वाचनासाठी वेगळी छोटी पेटी करावी. तिच्यात गंगावन, नथ, बांगड्या, कंबरपट्टा, बस. संकासुरालाही आणू नये. काळा वेश, लोंबती जीभ, पाच वर्षांखालचं मूल दचकतं आणि पुढची पंधरा मिनिटं त्याला समजावण्यात जातात.

कोणी दबक्या आवाजात असंही विचारतं की हा माणूस घरी कसा राहतो, लग्न झालंय का, ‘तसा’ आहे का. वाचनालयाने त्या चौकशीत पडू नये. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम वेश बघून बदलत नाहीत, कीर्तनकाराला आणि चित्रकलेच्या बाईंना जे नियम तेच इथे. मुलांसोबत खोलीत सतत दोन मोठी माणसं. आठ वर्षांखालच्या मुलाबरोबर पालक हवाच. कलाकाराची कपडे बदलायची खोली वेगळी, तिथे मुलांनी जायचं नाही. मांडीवर बसवणं नाही, उचलून घेणं नाही. हा नियम कलाकाराचंही रक्षण करतो. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याखाली असा प्रकार कळला तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, ग्रंथपालावरही. १०९८ हा क्रमांक फळ्यावर लिहिलेला असावा. या वाचनालयात दोन मोठी माणसं असतात आणि खोलीही वेगळी आहे. क्रमांक लावलेला नाही.

फोटोंचा मात्र सावळागोंधळ आहे. गोष्ट संपली की पालक मोबाइल घेऊन उठतात, दुसऱ्यांची मुलं फोटोत येतात आणि दुपारपर्यंत ते फोटो पंचक्रोशीतल्या व्हॉट्सॲप गटांत फिरतात. बहुतेक भांडणं वाचनावरून होत नाहीत, संदर्भ तुटलेल्या फोटोवरून होतात. नाव नोंदवतानाच संमती घ्यावी, आणि फोटो वाचनालयाच्या एकाच माणसाने काढावेत. जाहिरातीचंही तेच. ‘मुलांसाठी गोष्ट, विशेष पाहुणे’ एवढंच लिहिलं तर आलेल्या पालकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते रास्त आहे. सरळ लिहावं: दशावतारी पुरुष कलाकार, स्त्रीवेश, गोष्टीचं नाव, वय, वेळ, पालक सोबत हवा. ज्याला नको तो येणार नाही, आणि तो त्याचा हक्क आहे.

वेळ रविवारी सकाळी दहाची आहे. हंगामात ती चुकीची ठरते. कार्तिकापासून वैशाखापर्यंत कंपनी रोज नव्या गावात असते, पालखी फिरून झाली की रात्री उशिरा नाटक चढतं आणि पहाटे उतरतं. शनिवारची जत्रा करून आलेल्या माणसाचा घसा रविवारी दहाला बसलेलाच असणार. हंगामात संध्याकाळी चार बरे. खरा योग्य काळ म्हणजे पाऊस, लावणी आटोपल्यानंतरचा श्रावण. तेव्हा कलाकार घरी असतात, हाताला दुसरं काम कमी असतं आणि मानधनाचा खरा उपयोग होतो. फक्त पत्र्याचा हॉल घेऊ नये. जोराची सर आली की दोन मीटरवरचा आवाज पोचत नाही, आणि माइक लावला तर तीन वर्षांची मुलं कान झाकतात. कौलारू पडवी किंवा शाळेचा स्लॅबचा वर्ग बघावा.

वयोगट ३ ते १० हा फार लांब आहे, तो तोडावा. तीन-चार वर्षांच्यांसाठी पंचवीस मिनिटं पुरे: सजणं बघायचं, एकच छोटी गोष्ट, बाकी काही नाही. पाच ते आठ हा या कार्यक्रमाचा खरा गाभा, त्यांना पाऊण तास चालतो. नऊच्या पुढची मुलं भोपळ्याला कंटाळतात. त्यांना बृहन्नळेची गोष्ट वाचून द्यावी आणि नंतर दहा मिनिटं कलाकाराला प्रश्न विचारू द्यावेत. बाई म्हणून चालताना टाच कुठे टेकते, लुगड्याचा काष्टा का सुटत नाही, असे त्यांचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं फक्त त्याच्याकडेच आहेत.

एक भर घालावी असं वाटतं. सध्या गोष्ट संपली की कलाकार आत जातो आणि कार्यक्रम संपतो. मुलांनी माणसाचा वेश होताना बघितला, वेशाचा माणूस होताना बघितला नाही, आणि लहानग्यांना हा दुसरा भाग तितकाच हवा असतो. नथ, वळेसर, गंगावन मुलांसमोरच उतरवावं. लुगडं आतल्या खोलीत बदलून, तोंड खोबरेलाने पुसून, कलाकाराने सदरा-लुंगीत परत यावं, लुगडं हातावर घेऊन. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, घडी घालायला एकट्याचे हात पुरत नाहीत. दोन मुलांनी एक टोक धरायचं, दोघांनी दुसरं, बाकीच्यांनी मधून खालून उचलून धरायचं, म्हणजे जमिनीला लागणार नाही. चार घड्यांत ते मावतं. मग साबण, पाणी आणि लाडू.